चेंडूचा निकाल प्लेटवर लागतो: सॉफ्टबॉलच्या नव्या पंचांसाठी स्ट्राईक झोन

सॉफ्टबॉलच्या सामन्यात होमप्लेटमागे (बॅटरजवळ जमिनीत रोवलेल्या पांढऱ्या प्लेटमागे) उभ्या राहणाऱ्या पंचाला जेवढे निर्णय द्यावे लागतात, तेवढे मैदानावरच्या दुसऱ्या कोणालाही द्यावे लागत नाहीत. बॅटरने ज्या चेंडूवर बॅट फिरवली नाही, असा प्रत्येक चेंडू स्ट्राईक (प्लेटवरच्या ठरावीक जागेतून, म्हणजे स्ट्राईक झोनमधून गेलेला) होता की बॉल (झोनबाहेरून गेलेला), हे त्यानेच आणि तिथल्या तिथे सांगायचे असते. आपल्याकडे तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या शालेय स्पर्धांत हे काम बरेचदा अशा क्रीडाशिक्षकांकडे किंवा माजी खेळाडूंकडे येते, ज्यांना नियम पाठ असतात, पण कॅचरच्या (प्लेटमागे बसून चेंडू पकडणाऱ्या खेळाडूच्या) मागून चेंडू पाहण्याची सवय नसते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. उदाहरणे मुलींच्या फास्टपिच, म्हणजे वेगाने चेंडू टाकण्याच्या प्रकारातल्या सामन्यांतली घेतली आहेत. मुलांच्या सामन्यात पिचिंगचे (चेंडू टाकण्याचे) अंतर आणि वेग वाढतो, पण पाहण्याची पद्धत तीच राहते.

पहिली पायरी: झोन नेमका कुठे आहे, हे मोजून घ्या

स्ट्राईक झोनची रुंदी प्लेट ठरवते आणि उंची बॅटर ठरवते. वाक्य सोपे आहे, पण क्रिकेट पाहत वाढलेल्या पंचाचा गोंधळ नेमका इथेच होतो. क्रिकेटमध्ये वाइड ठरवताना फलंदाज कुठे उभा होता, चेंडू त्याच्या आवाक्यात होता का, याचा विचार होतो. सॉफ्टबॉलमध्ये बॅटर प्लेटला चिकटून उभी आहे की बॉक्सच्या (तिने उभे राहायच्या आखलेल्या चौकटीच्या) बाहेरच्या कडेला, तिच्या बॅटचे टोक चेंडूपर्यंत पोहोचले असते की नाही, याचा रुंदीशी काहीही संबंध नाही. प्लेट जमिनीत रोवलेली असते आणि झोनची रुंदी तिच्यासोबत तिथेच राहते.

ही प्लेट पाच बाजूंची असते. पिचरकडची तिची बाजू 17 इंच, म्हणजे 43.2 सेंटिमीटर रुंद असते, आणि पुढच्या कडेपासून मागच्या टोकापर्यंतची खोलीही 17 इंचच भरते. मोजमाप पांढऱ्या भागाचे आहे. काही प्लेटना असलेली काळी किनार त्यात धरू नये. चेंडूचा परीघ 12 इंच असतो, त्यामुळे त्याचा व्यास साधारण 9.7 सेंटिमीटर भरतो. चेंडूचा कोणताही भाग प्लेटच्या कोणत्याही भागावरून गेला तरी रुंदीच्या दृष्टीने तो स्ट्राईक असतो. म्हणजे चेंडूची केवळ कड प्लेटच्या कडेवरून गेली तरी पुरे. दोन्ही बाजूंना एकेक चेंडू मिळवला की पंचाने लक्षात ठेवायची रुंदी 43 सेंटिमीटर न राहता जवळजवळ 62 सेंटिमीटर होते. नवे पंच सुरुवातीला झोन फार अरुंद धरतात, पिचरला बॉलमागून बॉल मिळतात, बॅटर फुकट पहिल्या बेसवर जात राहतात आणि सामना रेंगाळतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा या हिशेबात असते.

बाहेरच्या कडेचा अंदाज घेण्यासाठी फक्कीची रेष उपयोगी पडते. बॅटर्स बॉक्सची आतली रेष प्लेटपासून 6 इंच, म्हणजे 15.2 सेंटिमीटर दूर असते. चेंडू त्या रेषेला लागून गेला, तर चेंडू आणि प्लेट यांच्यामध्ये साडेपाच सेंटिमीटरची, म्हणजे सुमारे तीन बोटांची जागा रिकामी राहते. तो बॉल. उलट, चेंडू आणि रेष यांच्यामध्ये तीन बोटांहून जास्त जागा दिसली, तर चेंडूने प्लेटची कड गाठलेली असते. फक्कीची ही रेष बॅटरच्या पायांखाली दुसऱ्या-तिसऱ्या डावापर्यंत पुसली जाते, म्हणून ती ठळक असतानाच हे अंतर डोळ्यांत बसवून घ्यावे. तसेच सामन्याआधी आखणी झाली की बॉक्सचे अंतर स्वतः टेपने मोजून पाहावे. शाळेच्या मैदानावर अंदाजाने मारलेली फक्की पाहून दिलेला निर्णय अंदाजाचाच होतो.

दुसरी पायरी: प्रत्येक बॅटरची उंची वाचा

उंचीची व्याख्या सर्व नियमपुस्तकांत एकसारखी नाही, आणि हे नव्या पंचाला कोणीतरी आधीच सांगायला हवे. अमेरिकेतील यूएसए सॉफ्टबॉल या संघटनेच्या नियमांत झोन बॅटरच्या काखेपासून गुडघ्याच्या वरच्या भागापर्यंत असतो. तिथल्याच महाविद्यालयीन सामन्यांसाठीच्या एनसीएएच्या नियमांत वरची मर्यादा काखेऐवजी छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाशी येते आणि चेंडूचा वरचा भागही त्या मर्यादेच्या आत असावा लागतो. इंटरनेटवर अमेरिकन महाविद्यालयांचे सामने पाहून तयारी करणारा पंच आणि वेगळे पुस्तक वाचून आलेला प्रशिक्षक यांची उंच चेंडूवरून जुंपते, ती बरेचदा यामुळेच. तुमची स्पर्धा कोणत्या नियमपुस्तकाच्या कोणत्या आवृत्तीने खेळवली जाणार आहे, हे सामन्यापूर्वीच्या बैठकीत विचारून घ्या आणि दोन्ही प्रशिक्षकांच्या समोर विचारा.

उंची मोजायची ती बॅटरच्या नैसर्गिक पवित्र्यात. बॅटर चेंडू खेळण्यासाठी सहज जशी उभी राहते, त्या पवित्र्यातली काख आणि गुडघा धरायचा. वॉक (चार बॉल झाल्यावर मिळणारा पहिला बेस) मिळावा म्हणून एखादी चेंडू येताना मुद्दाम खाली दबली, तर झोन तिच्यासोबत आकसत नाही. मात्र एखादी मुलगी प्रत्येक चेंडूला वाकूनच खेळत असेल, तर तोच तिचा नैसर्गिक पवित्रा आहे आणि झोन त्यानुसारच लहान धरावा लागेल. बॅटर बॉक्समध्ये येऊन पिचरकडे पाहत स्थिरावते, तेवढ्या दोन-तीन सेकंदांत तिची काख आणि गुडघे पाहून घेण्याची सवय लावा. चौदा वर्षांखालच्या गटात एकापाठोपाठ येणाऱ्या दोन बॅटरच्या उंचीत हातभर फरक असू शकतो, आणि आधीच्या मुलीचा झोन पुढच्या मुलीला लावण्याची चूक सहज होते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. बॅटर बॉक्समध्ये पुढे सरकून उभी राहिली, तरी उंचीची परीक्षा चेंडू प्लेटवर असतानाच करायची आहे, तो तिच्या अंगासमोरून जाताना नाही. पुढे उभ्या असलेल्या बॅटरच्या मांडीसमोरून गेलेला चेंडू प्लेटवर येईपर्यंत गुडघ्याखाली उतरलेला असू शकतो.

तिसरी पायरी: उभे कुठे राहायचे

माझ्या मते या कामाचा अर्ध्याहून अधिक भाग उभे राहण्यात आहे. चुकीच्या जागेवरून चांगली नजरही चुकीचेच पाहते, आणि योग्य जागेवरून साधारण नजरेलाही बहुतेक चेंडू बरोबर दिसतात.

पंचाची जागा बॅटर आणि कॅचर यांच्या मधल्या फटीत असते. पंचांच्या बोलीत तिला स्लॉट म्हणतात. उजव्या हाताच्या बॅटरसाठी तुम्ही कॅचरच्या डाव्या खांद्याच्या वर असाल, डावखुऱ्या बॅटरसाठी उजव्या खांद्याच्या वर. तुमचे नाक प्लेटच्या आतल्या, म्हणजे बॅटरकडच्या कडेच्या रेषेत आले पाहिजे. बॅटरकडचा पाय थोडा पुढे, दुसरा थोडा मागे, पाय खांद्यांहून जरा जास्त फाकलेले आणि वजन दोन्ही पायांवर सारखे. तिथून गुडघ्यांत वाकून खाली या. कमरेत वाकलात तर मान वर करून पाहावे लागेल आणि दुसऱ्या डावातच पाठ बोलू लागेल. डोळे झोनच्या वरच्या मर्यादेच्या पातळीवर आणि हनुवटी कॅचरच्या डोक्याच्या खाली नाही, हे प्रमाण ठेवावे. याचा फायदा असा की डोळ्यांच्या वरून येणारा चेंडू आपोआप उंच ठरतो आणि प्लेटची दूरची कड कॅचरच्या डोक्यावरून स्पष्ट दिसते.

कॅचर कधी बॅटरच्या इतकी जवळ सरकते की ही फट बुजते. अशा वेळी बाहेरच्या बाजूला जाऊन तिच्या दुसऱ्या खांद्यावरून डोकावण्याचा मोह होतो, तो टाळावा. तिथून आतला चेंडू दिसत नाही, आणि फाऊल होऊन उडालेला चेंडू अंगावर येण्याची शक्यताही वाढते. त्यापेक्षा आहे त्याच जागी थोडे उंच व्हा आणि कॅचरच्या डोक्यावरून पाहा. तिला हात लावू नका, सरकायला सांगू नका. कुठे बसायचे हा तिचा खेळ आहे.

मास्क, गळ्याचा संरक्षक, छातीचे पॅड आणि पायांचे गार्ड यांशिवाय फास्टपिच सामन्यात प्लेटमागे उभे राहू नये, आयोजकांकडे साहित्य कमी असले तरी. कारण केवळ इजेचे नाही. अंगावर संरक्षण नसलेला पंच चेंडू येताना पापणी मिटतो, आणि पापणी मिटली की चेंडू प्लेटवर असण्याचा क्षणच हातून जातो.

चौथी पायरी: चेंडू शेवटपर्यंत पाहा, निर्णय उशिरा द्या

महिलांच्या फास्टपिचमध्ये पिचिंग प्लेट (पिचर जिथून चेंडू टाकते ती पट्टी) होमप्लेटपासून 43 फुटांवर असते, पुरुषांच्या सामन्यात 46 फुटांवर. पिचर पुढे झेप घेत चेंडू सोडते, त्यामुळे चेंडूला प्रत्यक्षात कापायचे अंतर आणखी पाच-सहा फुटांनी घटते. ताशी 100 किलोमीटरचा चेंडू हे अंतर सुमारे 0.4 सेकंदांत कापतो. शालेय गटात वेग याहून कमी असतो, पण नव्या डोळ्याला तोही झपकन गेल्यासारखाच वाटतो.

पिचरने दोन्ही हात एकत्र आणले की खाली बसायला सुरुवात करा आणि तिचा हात फिरू लागेपर्यंत पूर्ण स्थिर व्हा. स्थिर म्हणजे अगदी स्थिर. डोके हलत असेल तर चेंडूची रेष डोक्यासोबत हलते. नजर तिच्या मांडीजवळच्या त्या जागेवर ठेवा, जिथून चेंडू सुटणार आहे. तिथून चेंडूला डोळ्यांनी पकडून कॅचरच्या ग्लोव्हपर्यंत सोडू नका. तो ग्लोव्हमध्ये बसल्यावर क्षणभर थांबा, नुकताच पाहिलेला मार्ग मनात एकदा उलगडा आणि मग बोला. हा क्षण प्रत्येक चेंडूला सारखाच असावा. चेंडू अर्ध्या वाटेवर असतानाच ज्या पंचाच्या ओठांवर शब्द येतो, तो चेंडूचा निकाल देत नसून त्याच्याबद्दलच्या आपल्या अंदाजाचा निकाल देत असतो. आणि शेवटच्या दीड मीटरमध्ये वळणारा किंवा पडणारा चेंडू त्याला हमखास फसवतो.

स्ट्राईक असेल तर खाली असतानाच मोठ्याने “स्ट्राईक” म्हणा, मग उभे राहून उजव्या हाताची खूण करा. बॉल असेल तर खाली असतानाच “बॉल” म्हणा. हाताची खूण करायची नाही. बॅटरने बॅट फिरवून चेंडू चुकवला असेल तर शब्दाची गरज नाही, उजव्या हाताची खूण पुरते. गणती (किती बॉल, किती स्ट्राईक झाले ते) सांगताना बॉल आधी आणि डाव्या हाताच्या बोटांनी, स्ट्राईक नंतर आणि उजव्या हाताच्या बोटांनी दाखवतात. इंडिकेटर (गणती नोंदवण्याचे हातातले छोटे साधन) डाव्या हातात धरावा, म्हणजे उजवा हात मोकळा राहतो.

पाचवी पायरी: ग्लोव्हवर विश्वास ठेवू नका

प्लेट सपाट असली तरी झोन सपाट नाही. प्लेटची लांबी, रुंदी आणि बॅटरची उंची मिळून हवेत एक पाच कोनांचा खांब उभा राहतो आणि चेंडूने त्या खांबाला कुठेही स्पर्श केला की स्ट्राईक. कॅचर मात्र त्या खांबाच्या मागे, साधारण हातभर किंवा त्याहून जास्त अंतरावर चेंडू पकडते. या मधल्या अंतरात बरेच काही घडते.

ड्रॉप बॉल घ्या. पुढे टाकलेल्या फिरकीमुळे तो गुरुत्वाकर्षणाहून अधिक वेगाने खाली येतो. प्लेटच्या पुढच्या कडेवर गुडघ्याच्या जरा वर असलेला चेंडू मागच्या टोकापर्यंत चार-सहा सेंटिमीटर उतरतो आणि कॅचरच्या ग्लोव्हपर्यंत अर्धी वीत ते वीतभर. कॅचर तो नडगीच्या उंचीला, कधी जमिनीलगत पकडते. ते पाहून बाकावरच्या सगळ्यांना तो बॉल वाटतो, आणि तुम्ही ग्लोव्ह पाहत असाल तर तुम्हालाही वाटेल. चेंज-अप, म्हणजे मुद्दाम हळू टाकलेला चेंडू, तर याहून फसवा. त्याचा वेग कमी असल्याने त्याचा उतार जास्त तीव्र असतो, आणि चांगला चेंज-अप झोनमधून जाऊनही मातीजवळ पकडला जातो. जो चेंडू प्लेटच्या आधी जमिनीवर टप्पा घेतो, तो मात्र बॅटरने बॅट फिरवली नाही तर नेहमीच बॉल.

राईज बॉल याच्या उलट. तो मांडीजवळून सुटून चढत येतो, मागे फिरणाऱ्या फिरकीमुळे अपेक्षेपेक्षा कमी पडतो आणि डोळ्यांना वर उसळल्यासारखा दिसतो. बॅटर त्याच्यामागे बॅट फिरवतात म्हणून तो स्ट्राईकच असावा असे वाटू लागते. बॅट न फिरवलेला राईज बॉल बहुतेक वेळा काखेच्या वर गेलेला असतो, आणि इथे तुमचे डोळे झोनच्या वरच्या मर्यादेवर असणे कामी येते. तरीही केवळ कॅचरला उठून पकडावा लागला म्हणून तो बॉल ठरत नाही. प्लेटवर तो कुठे होता, तेवढेच पाहा.

कर्व्ह बॉल बॅटरपासून दूर जातो, स्क्रू बॉल तिच्याकडे येतो. उजव्या हाताची पिचर आणि उजव्या हाताची बॅटर गृहीत धरली आहे. कर्व्ह बॉल प्लेटची बाहेरची कड पुढच्या भागात चाटून मागे बाहेर निघू शकतो. तो स्ट्राईक आहे, जरी कॅचरने तो बॉक्सच्या रेषेपलीकडे पकडला तरी. हुशार कॅचर याच्या उलटही करते: बाहेरचा चेंडू पकडताना ग्लोव्ह हळूच आत ओढते आणि तिथे धरून ठेवते. तिचा राग मानू नये, तिच्या संघासाठी ती आपले काम करते आहे. माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे की ज्या चेंडूला कॅचरने ग्लोव्ह ओढला, तो तिच्याही मते कडेबाहेर होता.

काही प्रसंग, जे पहिल्याच सामन्यात येतात

झोनमधून जाणारा चेंडू बॅटरच्या अंगाला लागला, तर प्रेक्षक पहिल्या बेसकडे बोट दाखवतात. चेंडू झोनमध्ये होता, म्हणून तो स्ट्राईक. चेंडू डेड होतो (खेळ तिथेच थांबतो) आणि बॅटरला बेस मिळत नाही. बॅटरने बॅट अर्धी फिरवून थांबवली आणि तुम्हाला ती पुढे गेल्याचे दिसले नाही, तर “बॉल” म्हणा. कॅचरने दाद मागितली तर बेसवरच्या सहकारी पंचाला विचारा आणि तो सांगेल ते मान्य करा. तिसरा स्ट्राईक कॅचरच्या हातून सुटला, आणि पहिला बेस रिकामा असला किंवा दोन आऊट झालेले असले, तर बॅटर पळू शकते. अशा वेळी तिसऱ्या स्ट्राईकवर लगेच “आऊट” ओरडून मोकळे होऊ नका. चेंडू खरेच पकडला गेला का, ते आधी पाहा.

स्लोपिचचा झोन वेगळा असतो. तिथे चेंडू कमानीतून येतो, कमानीच्या उंचीला मर्यादा असते, आणि झोन बॅटरच्या मागच्या खांद्यापासून पुढच्या गुडघ्यापर्यंत धरतात. फास्टपिचची सवय घेऊन तिथे उभे राहू नये.

गणतीचा दबाव हा मात्र सगळ्या पातळ्यांवरचा आजार आहे. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये प्रत्येक चेंडूची जागा यंत्राने नोंदवली जाऊ लागल्यावर दिसून आले की तीन बॉल आणि शून्य स्ट्राईक अशी गणती असताना पंचांचा झोन फुगतो, आणि शून्य बॉल, दोन स्ट्राईक असताना तो आक्रसतो. म्हणजे निकाल ठरवून टाकणारा शब्द उच्चारायला पट्टीचे पंचही नकळत कचरतात. यावर उपाय एकच: चेंडू सुटल्यापासून निर्णय देईपर्यंत गणती डोक्यात येऊ द्यायची नाही. इंडिकेटर हातात असतो तो त्यासाठीच. निर्णय दिल्यावर त्याच्याकडे पाहा, आधी नाही.

मग दुबळ्या पिचरचे काय? चौदा वर्षांखालच्या सामन्यात एखादी मुलगी एका डावात वीस बॉल टाकते आणि दोन्ही बाक कंटाळतात. झोन मनाने मोठा करून हा प्रश्न सुटत नाही, कारण मग बॅटरला न पोहोचणाऱ्या चेंडूवर आऊट व्हावे लागते. पण जो चेंडू खरोखरच काठावरचा आहे, ज्याबद्दल तुमच्याच मनात शंका आहे, तो स्ट्राईक द्यावा, असे माझे मत आहे. दोन्ही संघांना, पहिल्या डावापासून सातव्या डावापर्यंत, तोच काठ तसाच द्यावा. खेळाडू दोन डावांत तुमचा झोन शिकून घेतात. त्यांना तो पाचव्या डावात बदललेला मिळू नये.

बॉल-स्ट्राईकचा निर्णय हा पंचाच्या दृष्टीचा निर्णय असल्याने त्यावर अधिकृत निषेध दाखल करता येत नाही. तरी बाकावरून “सर, कुठे होता तो?” असा प्रश्न येतोच. शांतपणे विचारला असेल तर एका शब्दात उत्तर द्या: “बाहेर”, “खाली”, “उंच”. स्पष्टीकरण देऊ नका आणि भरपाई म्हणून पुढचा काठावरचा चेंडू त्या संघाच्या पदरात टाकू नका. प्लेट ब्रशने साफ करायला वाकताना पाठ पिचरकडे करावी. वातावरण तापले असेल तर या कामाला थोडा जास्त वेळ लागला तरी कोणी तक्रार करत नाही.

सराव कसा करायचा

सामन्यांची वाट पाहू नका. जवळच्या संघाच्या पिचर सराव करत असतील, तिथे परवानगी घेऊन, मास्क आणि पॅड घालून कॅचरमागे उभे राहा. पहिल्या दिवशी काहीच बोलू नका. चेंडू हातातून ग्लोव्हपर्यंत पापणी न मिटता पाहता येतो का, एवढेच पाहा. ते जमू लागले की निर्णय मनात द्या, आणि मग मोठ्याने.

दोरीचा झोन हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सराव आहे. प्लेटच्या पुढच्या कडेच्या दोन्ही बाजूंना, थोडे लांब, दोन खांब रोवा. त्यांच्यामध्ये एक दोरी एखाद्या मुलीच्या गुडघ्याच्या उंचीला आणि दुसरी तिच्या काखेच्या उंचीला ताणून बांधा, आणि प्लेटच्या दोन कडांच्या रेषेत दोन उभ्या दोऱ्या सोडा. पिचरला या चौकटीतून चेंडू टाकायला सांगा आणि प्रत्येक चेंडूला निर्णय द्या. काठावरचा चेंडू दोरीला लागला की दोरी हलते, त्यामुळे वाद घालायला कोणी उरत नाही. अर्धा तास झाल्यावर दोऱ्या सोडून टाका आणि त्याच पिचरला तेच चेंडू पुन्हा टाकायला सांगा. खालची दोरी सर्वांत शेवटी सोडा, कारण नव्या पंचाचे सर्वाधिक निर्णय गुडघ्यापाशी चुकतात.